वलंदेज आणि गोलंदाज

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नागपूरला अगदी लागून वाडी हे गाव आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. गलबते, बंदरे आणि समुद्रावरून आलेल्या परदेशी माणसांची नावे आमच्या मुलांच्या कानांवरून फारशी गेलेली नसतात. २०११ सालच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. येथील एका शाळेच्या सातवीच्या वर्गात मी इतिहासाचे एक जुने पुस्तक मुलांकडून मोठ्याने वाचून घेत होतो. एका वाक्यात वेंगुर्ल्याच्या बंदरात वलंदेजांची वखार असल्याचा उल्लेख होता. वाचणाऱ्या मुलाने मात्र मोठ्या आत्मविश्वासाने वाचले, ‘गोलंदाजांची वखार!’ आणि क्षणभर थांबून आपण होऊनच विचारले, “सर, गोलंदाजांना वखार कशाला लागते?”

“चेंडू ठेवायला!” मागच्या बाकावरून उत्तर आले आणि वर्गात हशा पिकला.

मुलगा खजील झाला. पण त्याची चूक मला अगदीच निराधार वाटली नाही. ‘वलंदेज’ हा शब्द त्याने पूर्वी ऐकलेला नव्हता. ‘गोलंदाज’ मात्र रोजच्या खेळातला. अनोळखी शब्द कानावर पडला की मन ओळखीच्या शब्दाकडे धाव घेते. बंगाली भाषेत तर हे दोन शब्द याहूनही जवळ आले आहेत. तेथे एक ‘ओलंदाज’ आणि दुसरा ‘गोलंदाज’. दोहोंत एका ‘ग’चे काय ते अंतर! इतके साम्य असूनही या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. दिसायला जुळे वाटावेत आणि चौकशी केल्यावर एक फारसी कुळातला व दुसरा पोर्तुगीज कुळातला निघावा, असा हा प्रकार आहे.

गोलंदाजाचे कूळ सांगणे सोपे आहे. फारसीत ‘अंदाज’ या पदाचा एक अर्थ टाकणारा, फेकणारा असा होतो. तीर टाकणारा तो तिरंदाज; तोफेतून गोळा टाकणारा तो गोलंदाज. अंबाझरीची आयुधनिर्माणी वाडीपासून जवळच आहे, त्यामुळे तोफेचा गोळा म्हणजे काय हे आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. मराठ्यांच्या फौजेत गोलंदाज म्हणजे तोफ चालविणारा शिपाई. पुढे क्रिकेटचा खेळ आला, त्यातील चेंडू फेकणाऱ्याला नाव हवे होते आणि तोफखान्यातला हा शब्द बिनबोभाट मैदानावर आला. आज त्याच्या हातात तोफगोळ्याऐवजी चेंडू असतो, एवढाच फरक.

आता वलंदेज. वलंदेज म्हणजे हॉलंड देशाचा माणूस. हल्ली आपण त्यालाच डच म्हणतो. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र तो वलंदेज याच नावाने वावरतो. हा शब्द हॉलंडच्या लोकांनी स्वतः आपल्याला दिलेला नाही. तो दिला त्यांच्या शत्रूंनी, म्हणजे पोर्तुगिजांनी.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, आणि १५१० साली गोवे पोर्तुगिजांच्या हाती गेले. डचांनी पूर्वेकडील व्यापारासाठी आपली ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली ती १६०२ साली. म्हणजे डच आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा पोर्तुगीज येथे शंभर वर्षे मुरलेले होते. पगार, चावी, पाव, अननस हे त्यांचे शब्द पुढे आपल्या इतके अंगवळणी पडले, की ते परके आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. किनाऱ्यावर नवी निशाणे लावलेली, नव्या घडणीची जहाजे दिसू लागली, तेव्हा ‘हे कोण?’ असा प्रश्न येथील लोकांना पडला असणार. आणि उत्तर देण्याजोगी माहिती होती ती पोर्तुगिजांजवळ. त्यांच्या भाषेत हॉलंडच्या माणसाला ‘ओलांदेस’ म्हणतात. लिहिताना या शब्दाच्या आरंभी ‘ह’ असतो, परंतु तो मुका. उच्चार ‘ओ’पासूनच सुरू होतो.

‘ओलांदेस’चा ‘वलंदेज’ कसा झाला? आरंभीचा ‘ओ’ आणि ‘व’ हे मराठीत जुने शेजारी आहेत. आपण आज ओवी म्हणतो, ओळखणे म्हणतो. जुन्या पोथ्यांत आणि पत्रांत ‘वोवी’, ‘वोळखणे’ अशीही रूपे आढळतात. त्याच वाटेने ‘ओलं’चे ‘वलं’ झाले. शेवटच्या ‘स’चा ‘ज’ कसा झाला, याची साक्ष दुसरा एक शब्द देतो, आणि तो तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पोर्तुगीज भाषेत इंग्लंडच्या माणसाला ‘इंग्लेस’ म्हणतात. त्याचा आपण ‘इंग्रज’ केला. अनेकवचन करताना या दोन्ही शब्दांतील ‘स’ पोर्तुगिजांच्या तोंडी ‘झ’सारखा उच्चारला जातो. व्यापारी आणि खलाशी एकेकटे थोडेच येतात? ते टोळीनेच येत, त्यामुळे आपल्या लोकांच्या कानी अनेकवचनच अधिक पडले असावे. इंग्रज आणि वलंदेज ही अशी एकाच पोर्तुगीज साच्यातून निघालेली भावंडे आहेत. एक आजही रोजच्या बोलण्यात आहे. दुसरे जुन्या दप्तरांत जाऊन बसले.

वेंगुर्ल्याची वखार वलंदेजांनी १६३७ साली घातली. हल्ली वखार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लाकडाची वखार येते. त्या काळी परदेशी व्यापाऱ्यांच्या मालाचे कोठार, कचेरी आणि राहण्याची जागा या सर्वांना मिळून वखार म्हणत. वेंगुर्ले तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या मुलखात होते. हेच बंदर त्यांनी का निवडले, हे कळण्यासाठी नकाशा उघडावा. दक्षिणेस अगदी जवळ गोवे आहे! गोव्याच्या तोंडाशी आपली जहाजे उभी करून पोर्तुगिजांचा व्यापार कोंडण्याचा उद्योग वलंदेजांनी त्या सुमारास काही वर्षे चालविला होता. त्या जहाजांना पाणी, धान्य, दारूगोळा पुरविण्यास जवळचे ठाणे हवे होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले गावात त्या वखारीच्या भिंती पडक्या अवस्थेत अजून उभ्या आहेत. ज्यांचा व्यापार बुडविण्यासाठी हे लोक आले, त्यांनीच दिलेले नाव मराठीत त्यांना कायमचे चिकटावे, ही मौज आहे.

समुद्रावरून आलेल्या या सर्व लोकांना मराठी माणसांनी आणखी एक ठसठशीत नाव दिले होते. ते म्हणजे ‘टोपीकर’. आपल्याकडे डोईला पागोटे, त्यांच्याकडे टोपी. ओळख पटण्यास तेवढे पुरेसे होते. परंतु राज्यकर्त्यांचे तेवढ्यावर भागत नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, या टोपीकरांची एकेक जात वेगळी सांगितली आहे. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज ते इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. (हा डिंगमारही पोर्तुगीज भाषेतील ‘दिनामार्का’ या देशनामावरून आला.) टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्या प्रत्येकाच्या मागे त्याचा राजा आहे, त्यांना व्यापाराबरोबर भूमीचीही हाव आहे, म्हणून त्यांना समुद्रकाठी मजबूत जागा देऊ नये, असा इशारा त्यात आहे. हा इशारा लिहिला गेला तेव्हा प्लासीची लढाई व्हायला चाळीस वर्षांहून अधिक अवकाश होता. ज्याला हे पाच लोक पाच वेगळे दिसत होते, त्यांचे आपसांतील वैर ठाऊक होते, त्यालाच असे पुढचे दिसू शकले. सगळ्यांना सरसकट ‘गोरे’ म्हणून मोकळे होणाऱ्याला ते दिसले नसते.

या पाचांपैकी ‘फिरंगी’ शब्दाची हकिगत फार लांब आहे. फ्रँक नावाच्या युरोपीय लोकांवरून अरबांनी व इराण्यांनी पश्चिमेकडील सर्वच लोकांना हे नाव दिले. ते आपल्याकडे आले आणि मराठी कागदांत पोर्तुगिजांपुरते आकसले. पुढे पुन्हा फैलावून कोणत्याही युरोपियनाला लागू झाले. युरोपीय पात्याच्या सरळ तलवारीलाही आपण ‘फिरंग’ म्हटले. वलंदेज या शब्दाचे आपल्याकडे असे फुगणे-आकसणे झाले नाही. मराठीत तो एकाच लोकांना चिकटून राहिला.

शिवछत्रपतींचा या वलंदेजांशी कसा व्यवहार झाला, याचे एक उदाहरण तुम्ही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत महाराजांनी पूर्व किनाऱ्यावरील, आजच्या तमिळनाडूतील मुलूख जिंकला. तेथे तेगनापट्टणास वलंदेजांची वखार होती. माणसे विकत घेऊन, गुलाम म्हणून जहाजांत भरून नेण्याचा व्यापारही ते त्या किनाऱ्यावर करीत. महाराजांनी त्यांना व्यापाराचा कौल दिला, परंतु त्यात स्पष्ट बजावले की, पूर्वीच्या अमलात स्त्रीपुरुषांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री चालत असेल, माझ्या राज्यात ती चालणार नाही. मालाचा व्यापार करा, माणसांचा नाही!

त्याच वलंदेजांच्या खाती एक चांगली गोष्टही जमा आहे. कोचीन येथील त्यांचा अधिकारी हेन्द्रिक व्हान रेड याने मलबारातील वनस्पतींची माहिती व चित्रे जमवून बारा खंडांचा एक थोर ग्रंथ सिद्ध केला. त्याचे नाव ‘होर्तुस मलबारिकुस’. या कामी साह्य करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोकणी बोलणारे तिघे वैद्यही होते. १६७८ साली ॲमस्टरडॅम येथे निघालेल्या पहिल्या खंडात त्या तिघांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. हा व्हान रेड १६९१ साली सुरतेस जात असता वारला. सुरतेस त्याची भव्य कबर आहे. तेथील गुजराती लोक या डचांना ‘वलंदा’ म्हणतात.

गुजरातीतील ‘वलंदा’, मल्याळमातील ‘लंत’, तमिळमधील ‘ओल्लांदर’, सिंहली भाषेतील ‘लंदेसी’ ही सारी त्याच पोर्तुगीज मुळाची रूपे आहेत. काहींनी देशाचे नाव उचलले, काहींनी माणसाचे. बंगाली ‘ओलंदाज’ वर आलाच आहे. बंगालमध्ये हुगळी शहराला लागून चिनसुरा ही वलंदेजांची वसाहत होती. ती १८२५ साली त्यांनी इंग्रजांच्या हवाली केली. ते गेले, पण आपले पत्ते मात्र मागे ठेवून गेले. पत्त्यांतील बदामाला बंगाली माणूस ‘हरतन’ म्हणतो, चौकटला ‘रुइतन’, इस्पिकला ‘इस्कापन’ आणि हुकमाला ‘तुरुप’. हे चारही शब्द डच भाषेतून आले आहेत. आपल्या किलवरला डच लोक ‘क्लाव्हर’ म्हणतात, हेही येथे सांगून टाकतो. मात्र गोलंदाजाची गोष्ट आठवून, केवळ साम्यावरून कोणी उडी घेऊ नये.

चिनसुऱ्याचे नाव निघाले की नागपूरकरांना थोडे थांबावे लागते. १७४२ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून गेली आणि हुगळी शहर काही काळ मराठ्यांच्या ताब्यात आले. वलंदेज अगदी उंबरठ्यापलीकडे! आपल्या माणसांनी त्यांना टोपीकर म्हटले असेल. पण बंगालच्या लोकांनी आपल्या माणसांना काय म्हटले? ‘बर्गी’. मराठी फौजेत ज्या स्वाराला घोडा व हत्यारे सरकारातून मिळत तो बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. बारगीर हा आपल्याकडे एक साधा हुद्दा. बंगालमध्ये त्याचाच ‘बर्गी’ झाला, आणि लूट, जाळपोळ व चौथाईची वसुली यांची दहा वर्षे सोसलेल्या त्या प्रांतात तो शब्द लुटारू या अर्थाने रुजला. मूल झोपत नसले तर बर्गीचे भय घालणारे अंगाईगीत बंगाली घरांत आजही म्हणतात. एका बाजूला पागेतला हुद्दा, दुसऱ्या बाजूला पाळण्यातले भय! हे मी वर्गात सांगितले तेव्हा मघाशी हसणारी मुले गप्प झाली होती.

बंगालच्या उपसागरापलीकडे गेल्यावर मात्र या नावाचे रूप आणि अर्थ दोन्ही पालटू लागतात. मलय भाषेत हॉलंडचा माणूस ‘बलांदा’ झाला. बोर्निओच्या जंगलात लोंबत्या लांब नाकाचे, तांबूस रंगाचे एक वानर असते. तेथील लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘मोन्येत बलांदा’, म्हणजे वलंदेज माकड. गोऱ्या साहेबांचे लांब नाक आणि उन्हाने लाल झालेले तोंड त्यांनी नीट न्याहाळलेले दिसते! टर्की या पक्ष्यालाही मलय माणूस ‘वलंदेजांची कोंबडी’ म्हणतो. खुद्द डच लोक त्याला ‘काल्कून’ म्हणतात, आणि त्याचे मूळ ‘कालिकतची कोंबडी’ असे आहे. पक्षी बिचारा अमेरिकेचा. त्याला कालिकत माहीत नाही आणि हॉलंडही नाही.

जपानात याच ओलांदाचे ‘ओरांदा’ झाले. जपानने आपली दारे परकीयांना बंद केली, त्या काळात, १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षे, युरोपियनांपैकी एकट्या डचांनाच तेथे व्यापाराची मोकळीक होती. तीही नागासाकीजवळच्या देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटावर. वैद्यक, ज्योतिष, शस्त्रक्रिया या विषयांवरील पाश्चात्त्य पुस्तके जपानी पंडितांना मिळत ती डच भाषेतूनच. म्हणून त्या विद्येचे नावच ‘रांगाकु’ पडले. ‘रान’ म्हणजे ओरांदातला ‘रान’ आणि ‘गाकु’ म्हणजे विद्या. आपल्याकडे जे नाव वखारवाल्याचे, मलय देशात माकडाचे, ते जपानात ज्ञानाचे झाले. काचेच्या हौदात ठेवतात त्या सोनेरी माशांची, डोक्यावर मांसल तुरा असलेली एक जात ‘ओरांडा’ म्हणून विकली जाते. तिचे नावही जपान्यांनीच ठेवलेले आहे.

आणि आपण हल्ली वापरतो तो ‘डच’ शब्द? तो इंग्रजांकडून आलेला आहे. मुळात त्याचा अर्थ ‘लोकांचा’, म्हणजे पंडितांच्या लॅटिनहून वेगळा, साध्या लोकांच्या बोलीचा असा होता. जर्मन लोक स्वतःला ‘डॉइच’ म्हणवितात तो याच मुळाचा शब्द. सतराव्या शतकात, १६५२ ते १६७४ या बावीस वर्षांत, इंग्रज आणि डच समुद्रावर तीनदा लढले. त्या वैराचा गाळ इंग्रजी भाषेत अजून तळाशी बसलेला आहे. मेजवानीला बोलावून ज्याचा खर्च त्याने करावा अशी पद्धत ती ‘डच ट्रीट’. मुळीच न समजणारी बडबड ती ‘डबल डच’. डचांचा त्यात अपराध काही नाही.

ते लोक स्वतः आपल्याला ‘नेदरलांडर’ म्हणवितात. नेदरलँड म्हणजे सखल भूमी, आणि तो देश खरोखरच इतका सखल आहे, की त्याचा बराच भाग समुद्राच्या पातळीखाली असून बांध घालून राखलेला आहे. हॉलंड हा त्याचा एक भाग. आज त्या देशाच्या बारा प्रांतांपैकी केवळ दोघांच्या नावात हॉलंड आहे. परंतु तेथील बंदरे भरभराटीची, जहाजे तेथलीच अधिक, त्यामुळे जगभर भागाचेच नाव संपूर्ण देशाला पडले. २०२० सालापासून तेथील सरकारने आपल्या प्रचारात हॉलंड हे नाव सोडून नेदरलँड हेच वापरण्याचे ठरविले. हॉलंड या शब्दाचा मूळ अर्थ रानाची, लाकडाची भूमी. तेव्हा वलंदेज आणि लाकडाची वखार यांचा संबंध जुळवायचाच असेल, तर तो असा जुळेल!

आमच्या वर्गातील त्या प्रसंगाला जेमतेम महिना लोटला असेल. २२ फेब्रुवारी २०११ रोजी नागपूरजवळ जामठा येथील मैदानावर विश्वचषकाचा इंग्लंड विरुद्ध नेदरलँड हा सामना झाला. नेदरलँडच्या रायन टेन डुस्काटे याने ११९ धावा काढल्या आणि त्यांच्या संघाने २९२ पर्यंत मजल मारली; तरी शेवटी सामना इंग्लंडने सहा गडी राखून जिंकला. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वीच तो मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी उभा. “सर,” तो म्हणाला, “काल वलंदेज गोलंदाज पाहिले!”

मग त्याने विचारले, “त्यांचे कपडे संत्र्याच्या रंगाचे का असतात?”

मी त्याला सांगितले की, त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा नायक विल्यम हा ऑरेंज या फ्रान्समधील एका लहान संस्थानाचा वारस होता, म्हणून नारिंगी रंग हा त्या घराण्याचा व पुढे देशाचा रंग झाला. गंमत अशी की, त्या गावाचा फळाशी मुळात काही संबंध नाही. रोमन काळी त्याचे नाव ‘अराउसिओ’ असे होते. झिजत झिजत ते ऑरेंज झाले. फळाचे नाव मात्र आपल्या ‘नारंग’वरून निघून फारसी, अरबी, स्पॅनिश, फ्रेंच अशा मुक्कामांवर बदलत तेथे पोहोचले आणि दोन्ही नावे एकमेकांत मिसळली.

“म्हणजे पुन्हा वलंदेज-गोलंदाजच की!” तो म्हणाला. जाता जाता दारातून वळून त्याने आणखी एक शंका काढली. “मग ते लोक आपल्या संत्र्याला काय म्हणतात?”

“सिनासआपल,” मी म्हणालो. “म्हणजे चीनचे सफरचंद.”